भावोजींचं अर्थिंग

भावोजी गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. ते मला छतावरून कळलं. एप्रिलातली सकाळ होती, मी ओट्यापाशी मेथी निवडत होते आणि वरच्या मजल्यावर, म्हणजे ताईच्या हॉलमध्ये, खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. आता खुर्ची काय, कुणाच्याही घरात सरकते. पण ताईकडे ती खुर्ची सरकवायला मनाई होती. दोन स्पीकर आणि ती वेताची खुर्ची यांचा मोजूनमापून त्रिकोण साधलेला होता, खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटने खुणा केलेल्या होत्या आणि केर काढणाऱ्या बाईला ‘खुर्चीखालून झाडू घाल, खुर्चीला हात लावू नकोस’ अशी सक्त ताकीद होती. नेरूळच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हापासून ती खुर्ची सरकल्याचा आवाज मी ऐकलेला नव्हता. तो ऐकला आणि हातातली जुडी तशीच टाकून जिना चढले... वर हॉलच्या मधली जागा मोकळी करायचं काम चाललं होतं. दुखणं होळीपासूनचं होतं, हॉस्पिटलातून घरी आणून आठवडा झाला होता, तेव्हा धक्का बसला असं म्हणता येणार नाही. पण ती खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली पाहिली आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आता भावोजी ओरडणार.

भावोजी म्हणजे श्रीधर, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भावोजी म्हणायचे म्हणून हळूहळू सगळी सोसायटीच त्यांना भावोजी म्हणायला लागली. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत ते इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. काटे शून्यावर आणणं हे त्यांचं नोकरीतलं काम, आणि ते काम त्यांनी घरी, नात्यात, लग्नकार्यात, कुठेही थांबवलं नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. मी बोलणार आहेच. पण आधी मला जरा वैतागून घेऊ दे, कारण या माणसाने त्यांच्या त्या सिस्टिमपायी माझ्या नाकी नऊ आणले होते आणि ते पेपरात छापून येणं मला न्यायाचं वाटतं.

सुरुवात घर घेण्यापासून झाली. दोघी बहिणींनी एकाच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घ्यायचे असं ठरलं होतं. एजंट आम्हाला घेऊन फिरत होता. ताई पाणी किती वेळ येतं विचारत होती, मी पोटमाळा पाहत होते आणि भावोजी प्रत्येक खोलीच्या मधोमध उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक टाळी, मग मान तिरकी करून ऐकणं. दोन पावलं पुढे, पुन्हा टाळी. एजंट बिचारा घाबरून म्हणाला, “नाय साहेब, या बिल्डिंगमध्ये डास नाहीत.” खाडी एवढी जवळ असताना हे धादांत खोटं होतं, पण भावोजी डास मारतच नव्हते. खोलीत आवाज किती घुमतो ते तपासत होते. शेवटी वाऱ्याचा, मोठ्या स्वयंपाकघराचा कोपऱ्यावरचा फ्लॅट सोडून त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचा, वाकड्या हॉलचा फ्लॅट घेतला. भिंती समोरासमोर नसल्या की आवाज आदळत नाही म्हणे. ताईचा ओटा हातभर आखूड झाला, फ्रीज हॉलच्या दाराशी आला, पण आवाज आदळत नव्हता. मी मुद्दाम त्याच्या खालचा फ्लॅट घेतला, बहिणीच्या जवळ राहता यावं म्हणून. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, हे मला पुढे रोज संध्याकाळी दिवेलागणीला छतातून कळत गेलं.

सिस्टिम म्हणजे काय होतं, तर स्वतः जुळवलेला एक अ‍ॅम्प्लिफायर, कुणाकडून तरी जुना घेतलेला रेकॉर्ड प्लेअर, एक कॅसेट डेक आणि माझ्या कमरेइतके उंच दोन लाकडी स्पीकर. स्पीकर ज्या लोखंडी स्टँडवर होते त्यांच्या नळ्यांत वाळू भरलेली होती, ती समोरच्या बांधकामावरून परवानगी न घेता आणलेली. उजवा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला खेटून होता आणि डावा दाराशी. तरी दोघांच्या वायरी अगदी सारख्या लांबीच्या हव्यात हा हट्ट. मग उजवीकडची उरलेली वायर सोफ्याखालून नागमोडी फिरवलेली, आणि येणाराजाणारा तिच्यात पाय अडकून पडायचा. त्याने आपण पडलो म्हणून सॉरी म्हणावं अशी अपेक्षा. मागच्या भिंतीवर आवाज शोषायला ताईच्या सासूबाईंनी शिवलेल्या दोन गोधड्या खिळे मारून टांगल्या होत्या. म्हातारी पहिल्यांदा घर बघायला आली, गोधड्या पाहिल्या आणि ताईला बाजूला घेऊन म्हणाली, “सुधे, तुला अंगावर घ्यायला आवडल्या नाहीत तर सांगायचंस ग, अशा भिंतीवर कशाला लटकवल्यास?” भावोजींनी आईला तासभर ध्वनिशास्त्र समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जाताना एक गोधडी काढून बरोबर नेली. त्यानंतर वर्षभर डावीकडचा आवाज बिघडलाय अशी भावोजींची तक्रार होती.

आणि या सगळ्यात माझं काम काय? तर कान. शाळेत शिकवताना मागच्या बाकावरची कुजबुज फळ्याकडे तोंड करून ऐकणारी मी. भावोजींच्या ते लक्षात आलं आणि हे काम माझ्या मागे लागलं. रविवारी दुपारी मी जरा आडवी व्हावं, तर बाल्कनीतून हाक, “मंदे, वर ये. कान घेऊन ये.” जणू काही मी ते एरवी घरी ठेवून येते. वर गेलं की त्या खुर्चीत बसायचं, हलायचं नाही, डोळे मिटायचे. ते स्पीकरच्या मागे ओणवे होऊन तांबड्या-काळ्या वायरींची अदलाबदल करणार आणि विचारणार, “आता सांग, बाई मधे उभी राहून गातेय की भिंतीत शिरली?” एका स्पीकरची वायर उलटी लागली तर गाणाऱ्याचा आवाज मधून नाहीसा होऊन खोलीभर सांडतो, हे मला त्या खुर्चीत बसून इतक्या वेळा कळलंय की आता मला कुठल्याही हळदीकुंकवाच्या लाऊडस्पीकरवर ते आपोआप कळतं आणि त्रास होतो. “भावोजी, बाई कुठेही उभी राहो, खाली माझी आमटी आटतेय,” असं म्हटलं की म्हणायचे, “आमटी पुन्हा होईल. हा क्षण पुन्हा नाही.” तो क्षण पुढच्या रविवारी पुन्हा असायचाच.

देखभाल हे तर व्रतच होतं. खाडीची हवा खारी, त्यामुळे वायरींची टोकं काळी पडतात. म्हणून दर शनिवारी सगळ्या वायरी काढायच्या, स्पिरिटने पुसायच्या, परत लावायच्या. ताईच्या घरात कान साफ करायच्या कापसाच्या काड्या कधी कुणाच्या कानापर्यंत पोचल्या नाहीत. बुटांच्या खोक्यात ओल शोषायला ज्या पांढऱ्या पुड्या येतात, त्या ते गोळा करायचे. नातेवाइकांकडे गेलं की “काय, कसं काय” च्या आधी “नवे बूट घेतलेत वाटतं, पुडी टाकली नाहीत ना?” निखिलच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाच्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली आणि मुलाचे वडील स्टेजमागे साउंडवाल्याच्या वायरी उपटत होते, कारण स्पीकरमधून घुरघुर येत होती. तांदूळ टाकायच्या वेळी सगळा हॉल चिडीचूप. भटजी घसा ताणून ओरडले, तेव्हा कुठे शुभमंगल ऐकू आलं. ताईने त्यानंतर चार दिवस त्यांच्याशी अबोला धरला. ते मला म्हणाले, “घुरघुर गेली की नाही, ते सांग.” गेली होती. ते खरंच होतं.

ही घुरघुर हा त्यांचा जन्माचा वैरी. आणि तिच्यामुळेच आमच्या सोसायटीत तो खड्डा झाला, ज्याच्याविषयी मला खरं म्हणजे लिहायचं आहे.

झालं असं की एका उन्हाळ्यात त्यांच्या सिस्टिममधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. गाण्याच्या खाली, दोन गाण्यांच्या मधे, सारखा. आम्हाला तो सांगितल्याशिवाय ऐकू येत नव्हता आणि सांगितल्यावर दुसरं काही ऐकू येईना. भावोजींनी सगळं उलटंपालटं केलं. ताईचा फ्रीज बंद करून दूध नासवलं. आमच्या दारावर बेल वाजवून मिक्सर बंद करायला लावला. शेवटी एक दिवस बल्ब आणि दोन वायरी घेऊन ते बिल्डिंगभर हिंडले आणि त्यांनी शोध लावला की आमच्या भिंतीतल्या प्लगचं तिसरं, वरचं मोठं भोक कशालाच जोडलेलं नाही. म्हणजे वायर खाली मातीत गेलेली होती, पण मातीत पुरलेली पट्टी खाऱ्या जमिनीने कधीच खाऊन टाकली होती. झालं. सोसायटीच्या वार्षिक सभेत गळकी टाकी आणि पार्किंग सोडून भावोजी अर्थिंगवर उभे राहिले आणि खाली बसेचनात. कुणीतरी म्हणालं, “तुमच्या टेपसाठी सोसायटीने खड्डे खणायचे का?” त्यावर ते कडाडले, “गीझरला हात लावला की मुंग्या येतात ना? त्या काय तुम्हाला प्रेमाने येतात?” येत होत्या सगळ्यांनाच. प्रत्येकाला वाटत होतं आपल्याच गीझरला येतात.

आमचे सेक्रेटरी पाटील. खाडीकाठच्या गावातले मूळचे, सोसायटीतले तीन फ्लॅट त्यांचे, आणि आवाज असा की माइक लागू नये. ते म्हणाले, “खना खड्डा भावजी, मागचे भिंतीजवल जागा हाय.” खड्ड्यात कोळसा आणि मिठाचे थर घालायचे, मधे नळी उभी करून भिंतीतली ती वायर तिला जोडायची, असं भावोजी समजावायला लागले तर पाटलांनी त्यांना मधेच थांबवलं. “मीठ बाजाराचा नको. पुडीतला मीठ जेवनाला बरा, मातीला नाय. आमचे बापाचा मिठागर व्हता. खडा मीठ मी आनतो.” आणि खरोखर कुठून तरी करड्या, ओलसर, बोराएवढ्या खड्यांच्या गोणी आल्या. मागच्या भिंतीशी, उंबराच्या झाडाखाली खड्डा झाला. वर विटांची चौकट, सिमेंटचं झाकण, झाकणाखाली नळीच्या तोंडात बसवलेलं एक नरसाळं. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग निकामी होतं, म्हणून त्या नरसाळ्यात पाणी ओतत राहायचं.

त्या संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना वर बोलावलं. पाटीलही आले होते. ताईने पोहे केले होते. आम्हाला वाटलं, आता काहीतरी छान ऐकवणार. भावोजींनी अ‍ॅम्प्लिफायर चालू केला, रेकॉर्ड लावलीच नाही आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आम्ही हातात बश्या घेऊन उभे. बराच वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, “काय ऐकू येतंय?” ताई म्हणाली, “काही नाही.” भावोजींचा चेहरा असा उजळला, की निखिल झाला तेव्हासुद्धा तो तसा उजळला नव्हता हे मी तिथे हजर असल्यामुळे सांगू शकते. “हां!” ते म्हणाले. “ऐका!” आणि आम्ही पोहे खात ते काही नाही ऐकत राहिलो. काय बोलायचं अशा माणसाला...

पुढे काय झालं ते मात्र त्यांच्याही हिशेबात नव्हतं. भावोजी शनिवारी वायरी पुसायच्या आधी खड्ड्याला पाणी घालायचे. शनिवारी सकाळी, आंघोळ झाल्यावर, कमरेला पंचा, उघडं अंग, आणि हातात पितळी तांब्या, कारण बादलीने नरसाळ्यात नेम लागत नाही. उंबराच्या झाडाखाली ओणवून, सावकाश धार धरून पाणी घालणारा, ओठांशी काहीतरी पुटपुटणारा माणूस. ते माती आणि मिठाबद्दल पुटपुटत असत, पण बी विंगमध्ये नव्याने राहायला आलेल्यांना ते कसं कळावं? एका शनिवारी झाकणावर हळदकुंकू दिसलं. पुढच्या शनिवारी जास्वंदीचं फूल. मग उदबत्तीची राख. भावोजी संतापले. देवाधर्माशी त्यांचं वैर नव्हतं, पण चुकीच्या जोडणीशी होतं. त्यांनी तांबडा रंग आणला आणि मागच्या भिंतीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं : हे अर्थिंग आहे. देव नाही. आठवड्याच्या आत त्या अक्षरांखाली कुणीतरी खिळा ठोकून झेंडूची माळ लावली.

ते तांब्या घेऊन तणतणत पाटलांकडे गेले. मी जिन्यात होते, सगळं ऐकलं. पाटील शांतपणे म्हणाले, “जाऊ द्या ना भावजी. पाया पडतान त पडू द्या. देव नसला तरी शॉक त नाय ना लागत कोनाला?” भावोजी तांब्या घेऊन तसेच परत फिरले. मला वाटतं आयुष्यात एवढा एकच वाद ते हरले. त्यानंतर दर शनिवारी पाणी घालण्याआधी ते फुलं उचलून बाजूला ठेवायचे, झाकण उघडायचे, आणि पाणी घालून झालं की फुलं होती तशी परत ठेवायचे. हे मी त्यांना चिडवायला एकदा बोलून दाखवलं. म्हणाले, “ज्याने ठेवलीयत त्याने मोजूनमापून ठेवली असतील. आपण कशाला हलवा?”

होळीनंतर त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. तिथेही शेजारच्या टीव्हीतून घुरघुर येते म्हणून त्यांनी वॉर्डबॉयला हैराण केलं. घरी आणल्यावर, ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी, मी पेज घेऊन गेले होते. आवाज खोल गेला होता. तरी म्हणाले, “सिस्टिम बंद ठेवू नका. खारी हवा आहे. वाजती राहिली तर टिकते.” मी म्हटलं, “आधी पेज प्या, मग हवेचं बघू.” चार चमचे प्यायले, तोंड फिरवलं. आमचं शेवटचं बोलणं हे असं. दुसरं काही त्यांच्याकडून अपेक्षितही नव्हतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले, निखिल बंगळूरला परतला. ताई रडत नव्हती, बोलत नव्हती, नुसती आवरत होती. मेच्या सुरुवातीला एका दिवेलागणीला तिने मला वर बोलावलं आणि म्हणाली, “मंदे, ती सिस्टिम लावून दे ग. त्यांच्यासारखी.” ताईने आयुष्यात कधी मला गाणं आवडतं असं म्हटलं नव्हतं. ती पोळ्या लाटायची आणि बाहेर काहीतरी वाजत असायचं, एवढाच तिचा संबंध. मी नेमाने सगळं केलं. आधी प्लेअर, मग अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड पुसली, सुई ठेवली. आणि गाण्याच्या आधी आली ती घुरघुर. घूंऽऽ... ताई पोळपाट सोडून बाहेर आली, दारात उभी राहिली. “बंद कर,” म्हणाली. “हे त्यांना चाललं नसतं.”

मी दुसऱ्या दिवशी लावून पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. घुरघुर होतीच, उलट वाढत होती. वाशीहून एक दुरुस्तीवाला आला, त्याने अ‍ॅम्प्लिफायर उघडला, आत पाहून “कुणी बनवलंय?” असं आदराने विचारलं आणि याचं आता काही होणार नाही, पण शौकीन लोक विकत घेतात, असं सांगून गेला. निखिलने फोनवर ते लगेच उचलून धरलं. “आई, छोटा स्पीकर पाठवतो. तू फक्त बोलायचं, गाणं लागतं.” ताई म्हणाली, “डब्याशी काय बोलू मी?” पण दोन दिवसांनी तीच त्याला म्हणाली, येऊ दे त्या घेणाऱ्याला. रविवार ठरला. मला म्हणाली, “असं घुरघुरत ठेवण्यापेक्षा ज्याला नीट करता येईल त्याच्या घरी जाऊ दे. इथे राहिलं तर मला रोज वाटत राहील की ते गेले आणि आपल्याला साधं एवढंही राखता आलं नाही.”

वास्तविक मी पेढे वाटायला हवे होते. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणारी वस्तू आपल्या पायांनी चालली होती. छत मोकळं, रविवारची दुपार मोकळी, कान मोकळे. पण मला ते जायला नको होतं. सरळच सांगते, मला दिवेलागणीला माझ्या छतातून आवाज यायला हवा होता. तो येत नव्हता आणि त्या वेळेला मला माझ्याच घरात बसवेना. मग मी रोज दुपारी वर जाऊन त्या वायरींच्या मागे लागले. सगळी टोकं स्पिरिटने पुसली. वायरी बदलल्या. ताईचा फ्रीज बंद केला, पुन्हा दूध नासवलं. आणि पूर्ण वेळ तोंडाने भावोजींचा उद्धार चालू. “सगळ्या जगाला शिकवत हिंडलात, पण घरच्यांना कधी बटणाला हात लावू दिला नाहीत. आता या, काढा घुरघुर!” ताई आतून म्हणाली, “त्यांना ओरडून काही उपयोग नाही. तेव्हा तरी कुठे व्हायचा?” आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता ताई पहिल्यांदा रडली.

शनिवारी सकाळी मी कचऱ्याची बादली ठेवायला खाली गेले तर पाटील गाडी पुसत होते. ताईची चौकशी केली. मी म्हटलं, उद्या सिस्टिम घेऊन जायला माणूस येतोय. ते फडकं पिळत राहिले. मग म्हणाले, “बाई, त्या खड्ड्यावर फुलां रोज येतान. पानी कोन घालतंय?”

“घालत असेल कुणीतरी.”

“कोनी नाय. भावजी आजारी पडले तवापासून कोरडा हाय तो. मी पन इसरलो.”

मी बादली तिथेच टाकून मागे गेले. उंबराखाली झाकणावर ताजी जास्वंद, हळदकुंकू, उदबत्तीची राख, एक बत्तासा आणि मुंग्या. होळीपासून मेपर्यंत कुणी ना कुणी न चुकता येऊन पाया पडून गेलं होतं. मी फुलं बाजूला ठेवली आणि झाकण उघडलं. नरसाळ्यात वाळकी पानं ठासून भरलेली, माती भेगाळलेली, नळीभोवती बोट जाईल एवढी फट. माझा असा संताप झाला की काय सांगू. त्या पाया पडणाऱ्यांचा, पाटलांचा, आणि भावोजींचा तर सगळ्यात जास्त. अहो, शेवटच्या दिवशी खारी हवा सांगितलीत, खड्डा सांगायला काय झालं होतं? पण त्यांना वाटलं असणार, शनिवार आला की पाणी घालायचं असतं हे कुणाला सांगावं लागतं का!

पाटलांनी बागेच्या नळाची पाइप लावून दिली. अर्ध्या तासाने ते घरातून मिठाची गोणी घेऊन आले. त्यांच्याकडे अजून एक शिल्लक होती. पाणी घातलं की माती सूंऽ करून पिऊन टाकायची, पुन्हा घालायचं. दुपारी एकदा घातलं, उन्हं कलल्यावर पुन्हा. मग हातपाय धुऊन वर गेले. ताईला म्हटलं, बाहेर ये. भिंतीला लावून ठेवलेली वेताची खुर्ची मी ओढत आणली आणि तिचे चारही पाय फरशीवरच्या पांढऱ्या खुणांत बसवले. “बस,” म्हटलं. ताई त्या खुर्चीत कधीच बसलेली नव्हती. पदर सावरून, पाहुणी बसते तशी काठावर बसली. मी आधी प्लेअर लावला, मग अ‍ॅम्प्लिफायर. रेकॉर्ड लावली नाही. बटण शेवटपर्यंत फिरवलं.

बाहेर कुठेतरी कुकरची शिटी झाली. ती विरली. आम्ही दोघी त्या दोन लाकडी खोक्यांकडे बघत होतो.

“ताई, काय ऐकू येतंय?”

तिने खूप वेळ ऐकलं. “काही नाही,” म्हणाली, आणि खुर्चीत मागे रेलली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. “काही नाही ग मंदे... काहीच नाही.” मग मी आवाज कमी करून रेकॉर्ड लावली आणि बाई बरोबर मधोमध उभी राहून गायला लागली.

रविवारी तो शौकीन आला. ताईने त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, विकायचं नाही, चालू आहे. निखिलचा छोटा स्पीकर आला, तो तिने मला देऊन टाकला. मी अजून त्याच्याशी बोललेले नाही.

गेल्या शनिवारी मी भावोजींचा पितळी तांब्या घेऊन खाली गेले. फुलं उचलून बाजूला ठेवली, झाकण उघडलं, नरसाळ्यात धार धरली. बी विंगमधली एक नवी सून ऑफिसला निघाली होती. ती थांबली, चपला काढल्या, हात जोडले आणि हळूच विचारलं, “काकू, हे कोणत्या देवाचं आहे?”

“देव नाही, अर्थिंग आहे!” मी खेकसले. “भिंतीवर लिहिलंय ना एवढं मोठं!”

ती बिचारी चपला घालून निघून गेली. मी पाणी संपेपर्यंत धार धरली, झाकण लावलं आणि फुलं होती तशी परत ठेवली.